पाचवा नळ

त्या सकाळी जाग आली ती कशाच्या आवाजाने नाही, कसला तरी आवाज नसल्याने. माझी खोली मुलींच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या टोकाला, न्हाणीघराला अगदी लागून. पारा उणे दहाच्या खाली गेला की न्हाणीघरातले पाचही नळ रात्रभर बारीक सोडून ठेवायचे असतात. धार पेन्सिलीतल्या शिशाएवढी. त्याहून जाड झाली तर दुरुस्तीची कामं बघणारे बोंग काका ओरडतात आणि त्याहून बारीक झाली तर ती नळाच्या तोंडाशीच गोठते. पाच नळांच्या पाच धारांचा आवाज भिंतीपलीकडून आठवडाभर माझ्या उशाशी होता आणि कानांना त्याची सवय झाली होती. खालून तापवलेल्या जमिनीवर, रजईत, डोळे मिटलेले ठेवून मी ऐकत राहिले. आवाज होता, पण थोडा उणा होता. मी उठायला हवं होतं. उठले नाही. बावीस वर्षं इथे काढल्यावरही जानेवारीतल्या सकाळी रजईतून पाय बाहेर काढताना माझ्यातली डोंगरावरची पोर नाही म्हणते. पाच मिनिटं, म्हटलं. पाचाची पंधरा झाली.

मग मुलींचा गलका ऐकू आला. पाचव्या नळाला पाणी नव्हतं. पाचवा म्हणजे उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेला, त्याची नळी भिंतीच्या पोटातून एकटीच वर आलेली. बोंग काका गरम हवेचं यंत्र घेऊन आले. आमच्या या चुनचॉन शहरातल्या थंडीशी त्यांचं वैयक्तिक भांडण आहे. तिच्याबद्दल ते एखाद्या नतद्रष्ट सुनेबद्दल बोलावं तसं बोलतात. "आली बघा पुन्हा, घर मोडायला," असं म्हणत ते भिंतीशी बसले, तासभर नळी शेकत राहिले. दुपारी जेवणाच्या वेळी बर्फ सुटला आणि नळी भिंतीच्या आत उभी चिरली असल्याचं कळलं. कळलं तेही खालच्या मजल्यावरून. वाद्यांच्या खोलीत, पालकांनी गेल्या वर्षी भेट दिलेल्या पियानोवर छताचा एक तुकडा आणि त्यामागून पाणी. मी जिन्यात उभी होते. हातात माझा एनामलचा मग होता. कुक सर, आमचे मुख्य अधीक्षक, पायमोज्यांनिशी त्या पाण्यात उभे होते आणि पियानोचं झाकण उघडावं की मिटलेलं राहू द्यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"नळ सोडलेला असता तर नळी फुटली नसती," बोंग काका वरून उतरत म्हणाले. "बंद होता. नुसता बंद नाही, पिळून बंद केलेला. मला पाना लावावा लागला."

त्याच क्षणी माझ्या उजव्या तळहाताला आठवलं. डोक्याला नंतर. आदल्या संध्याकाळी सात वाजता, मुली अभ्यासिकेत बसल्यावर, मी जवाचा चहा प्यायलेला मग विसळायला न्हाणीघरात गेले होते. नेहमीसारखी पाचव्या नळाशी, कारण तिथे खिडकीतून पटांगणातला दिवा दिसतो. मग विसळला, उपडा करून झटकला, आणि हाताने नळ बंद केला. मी नाही, हाताने. लहानपणी माझ्या देशात, सेबूच्या डोंगरावर, आमच्या वस्तीला एकच नळ होता, त्याला पहाटे तासभर पाणी यायचं. रॉकेलच्या डब्यांची रांग लागायची. आईला वाटेत कुणाचाही नळ गळताना दिसला की ती डोक्यावरचा डबा खाली ठेवून जायची, तो पिळायची, परत डबा उचलायची. चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही बाहेरच्या हौदाचा नळ टपटपतोय असं वाटलं तर मध्येच उठून जायची. नळ नुसता मिटवणं तिला मान्य नव्हतं. शेवटचा एक पीळ द्यायचा, मनगटातून. तो पीळ माझ्या हातात आला आहे. आईचं दुसरं फारसं काही माझ्याकडे नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. जिन्यात, मग हातात असताना. तीन शब्दांचं काम होतं. पण कुक सरांनी भिंतीवरची यादी मागवली होती. त्या यादीत आठवड्याच्या नळांची पाळी कुणाची ते लिहिलेलं असतं आणि नळ सोडल्यावर त्या मुलीने खूण करायची असते. यादी आली. पाळी मा हे-रिन या मुलीची होती. साडेसहाची खूण तिच्या हातची होती. मुली गोळा झाल्या होत्या, त्यात ती होती, ओल्या केसांची, कारण तिने चौथ्या नळाखाली डोकं धुतलं होतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी पाचही सोडले होते, सर." आणि मग माझ्या तोंडात जे शब्द होते ते तिथेच बसून राहिले. घाबरले का? त्या वेळी तसं वाटलं नाही. मी फक्त वाट पाहत होते, कुणी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. मला कोण विचारणार? मी त्यांची इंग्रजीची बाई.

हे-रिन दक्षिणेकडच्या एका लहान बेटावरची. बाप समुद्री शेवाळाची शेती करतो. बेटावर शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं पाण्यापलीकडे. ती माझ्याकडे पहिल्या वर्षी आली तेव्हा इंग्रजीतलं एक वाक्य तिला नीट बोलता येत नव्हतं. संध्याकाळी माझ्या खोलीत, जमिनीवर पालथी पडून, कोपरांवर हनुवटी ठेवून ती जहाजांवरच्या सूचना वाचायची. तिला जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. त्या कॉलेजची परीक्षा येत्या नोव्हेंबरात. मी आयुष्यात पुष्कळ मुलांना शिकवलं, पण इतकं भूक लागल्यासारखं शिकणारं मूल कमी पाहिलं. चूक झाली की ती लाजायची नाही. चूक हातात घेऊन बघायची. "ही अशी का झाली, बाई?" विचारायची. म्हातारपणी शिकवण्याचा धीर संपत येतो, तो अशा मुलींमुळे पुन्हा भरतो.

आमच्या वसतिगृहात दंडगुण असतात. तीस भरले की खोली सोडायची, आणि दूरच्या मुलीची खोली गेली की शाळाही गेली. हे-रिनचे बावीस झाले होते. त्यातले दहा एका फोनचे. रात्री फोन पेटीत जमा करायचे असतात, तिने दोनदा केला नाही. वादळाच्या दिवसांत ती तो तांदळाच्या पिशवीत लपवून ठेवायची आणि पांघरुणात लाटांचा अंदाज बघायची, बाप होडीवर असायचा म्हणून. दोन्ही वेळा पकडली गेली तेव्हा मी रजेवर होते. असते तर ते दहा लागले नसते. हे मी अभिमानाने सांगायची. आता तसं सांगवत नाही.

निष्काळजीपणाने नुकसान केलं तर आठ गुण. बावीस आणि आठ.

संध्याकाळी मी कुक सरांच्या खोलीत गेले. ते पायमोजे हीटरजवळ वाळत घालून अनवाणी बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नळ मी बंद केला. कुठल्या वेळी, कशासाठी, कुठल्या हाताने, सगळं सांगितलं. सर ऐकून घेत होते. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पेल्यात चहा ओतला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याच्यावर विश्वास बसला त्याला एवढ्या मायेने कुणी चहा देत नाही.

"बाई," ते म्हणाले, "गेल्या शरदात गच्चीवर नूडल्स शिजवणाऱ्या चार पोरी कुठे होत्या म्हणालात?"

"माझ्या खोलीत."

"आणि परवा उशिरा आलेली ती तिसऱ्या वर्षाची?"

"माझ्या खोलीत."

"एकदा मी हिशेब केला होता. एकाच संध्याकाळी तुमच्या खोलीत वीस पोरी इंग्रजीचा सराव करत होत्या. तुमची खोली केवढी आहे, बाई? मी त्यात पाय पसरून झोपलो तर दार लागणार नाही."

मी हसले नाही. म्हटलं, "ते खोटं होतं. हे खरं आहे."

"मग दुपारी का नाही बोललात? तिथेच उभ्या होतात ना?"

याचं जे कारण होतं ते मला स्वतःलाही पटणारं नव्हतं. मी म्हटलं, व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात बघा, मी सात वाजता मग घेऊन जाताना दिसेन. सरांनी खरंच बघितलं, माझ्यासमोर. मी दिसले. पाठ थोडी वाकलेली, मग छातीशी धरलेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारी. "तुम्ही रोजच जाता," सर म्हणाले. "ही सोमवारी, ही मंगळवारी. आणि ही बघा, हे-रिन, नऊ वाजता, दात घासायला. तुमच्यानंतर." त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा बंद केला. "बाई, तुम्ही आमच्याकडची सगळ्यांत चांगली माणूस आहात. पण या वेळी पियानो आहे. पालक विचारणार. फेब्रुवारीत तुमच्या कराराचा कागद वर जायचाय, या वयात तो वर जाणं सोपं नसतं. तुम्ही असलं काही लिहून द्याल आणि मला ते वर पाठवावं लागेल. कशासाठी? चार दिवसांनी तीच म्हणेल, हो, मी केला होता. तेव्हा तुमचं तोंड कुठे राहील?"

मी उठले तेव्हा पायांत काहीतरी उबदार उतरत होतं. आधी वाटलं, जमीन तापली असेल. मग कळलं, हा सुटल्याचा आनंद आहे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. विश्वास बसला नाही याचं दुःख मला नंतर झालं, खोलीत, मग ठेवताना. आधी सुटका झाली होती, आणि ती पायांना माझ्या आधी कळली होती.

अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा मी खोटं बोलले, ते एका मुलीसाठी, जी बाहेरच्या बाकावर अभ्यासाच्या वेळात रडत बसली होती. तिच्या आईवडिलांचं वेगळं होण्याचं ठरलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "माझ्यासोबत होती, धडा करत होतो." त्या मुलीने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आधी कुणी पाहिलं नव्हतं. धडा शिकवल्यावरही नाही. मला त्याची चटक लागली. माझी स्वतःची मुलं नाहीत. आई गेली तेव्हा मी इथे परीक्षेच्या पाळीवर होते, तिकीट मिळेपर्यंत तिला पुरून झालं होतं. माणसाला कुठेतरी उपयोगी पडायचं असतं. मुली वर्षानुवर्षं येत गेल्या, जात गेल्या, पदवीच्या दिवशी गळ्यात पडून रडल्या, आणि मी समजत होते की ही शिदोरी साठते आहे. अकरा वर्षं मी माझा शब्द थोडा थोडा वाटत आले होते. हवा होता त्या दिवशी बघितलं तर एकही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी लिहूनच नेलं. दोन पानं, सही, तारीख. मुख्याध्यापिका यॉम बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, शेवटी डोळे पुसले. "रेमी बाई," त्या म्हणाल्या, "मी नवीन शिक्षकांना सांगते ना, मुलांवर जीव लावायचा तर असा. हे मी शिस्तीच्या समितीसमोर वाचून दाखवीन." मी म्हटलं, "वाचून दाखवू नका. मान्य करा." त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे.

समितीत पाच जण होते. मी दाराजवळच्या खुर्चीवर. यॉम बाईंनी माझी दोन पानं वाचून दाखवली. पालकांच्या प्रतिनिधी म्हणून आलेल्या बाईंनी माझ्याकडे बघून मान लववली. कुक सर टेबलाकडे बघत होते. बोंग काकांना बोलावलं होतं, नळाबद्दल सांगायला. मी त्यांना मध्येच विचारलं, "काका, मुलीच्या हाताने एवढा पिळता येतो? पाना लावावा लागला म्हणालात. तो मोठ्या माणसाचा हात होता."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, ती होडीवरची पोर आहे. दोर ओढून ओढून हात लोखंडाचा झालाय. किमचीचं लोणचं घालायच्या दिवशी तिने एकटीने मिठाची गोणी उचलली, मी बघत उभा. तुमचा हात..." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि वाक्य प्रेमापोटी सोडून दिलं.

हे-रिनला आत बोलावलं. मला वाटलं, ही तरी म्हणेल, मी सोडले होते, सर, जसं जिन्यात म्हणाली होती. मी तिच्याकडे बघत होते. डोळ्यांनी सांगत होते, तेच म्हण. तिने माझी दोन पानं टेबलावर पाहिली. तिला कुणीतरी आधीच सांगितलं असणार. मग ती म्हणाली, "नऊ वाजता दात घासले तेव्हा बंद झाला असेल. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी बोटीने येतं. हाताला सवय आहे. मला आठवत नाही, पण मीच असेन. बाईंचं नाव लिहू नका."

मी उभी राहून ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही. यॉम बाईंनी मला धरून बसवलं, कुणीतरी पाणी दिलं. निर्णयाच्या कागदावर शेवटी एक ओळ आहे: बाईंच्या मायेची समितीने आदरपूर्वक नोंद घेतली आहे.

शनिवारी दुपारी तिचा बाप आला. सकाळच्या पहिल्या बोटीने निघून, मग बसने, मग शहरात भाड्याची छोटी गाडी घेऊन. बुटका, उन्हाने काळा पडलेला माणूस, अंगात देवळात घालायचा कोट. त्याने मला बघितलं आणि पटांगणातल्या बर्फात कमरेत वाकला, इतका की टोपी पडली. "बाई, पोरीमुळे तुम्हाला फार त्रास झाला." दोन्ही हातांनी त्याने एक खोका पुढे केला. वाळवलेल्या शेवाळाची पानं, शंभराची दहा बंडलं, दोऱ्याने बांधलेली. "घरचंच आहे. यंदाचं पहिलं. तुम्ही माझ्या पोरीसाठी एवढं बोललात म्हणून सरांनी फोनवर सांगितलं. आमच्या बेटावर सगळ्यांना सांगितलं मी."

खोका घ्यायला मला दोन्ही हात पुढे करावे लागले. एका हाताने इथे मोठ्यांचं काही घेत नाहीत, आणि तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असला तरी त्या क्षणी माझ्यापेक्षा मोठा होता. मी म्हटलं, "नळ मी बंद केला होता. तुमच्या मुलीने नाही." तो हसला. दात पुढचे दोन नव्हते. "बाई, बाई," म्हणाला, लहान मुलाला गप्प करावं तसं.

हे-रिन पांघरुणाचं गाठोडं घेऊन आली. मी तिला दाराआड ओढलं. तिचे दोन्ही हात धरले. मला ती सगळी वर्षं आठवली, वाक्य सोडवून सांगताना मी तिला म्हणायची, हळू, एकेक शब्द. मी तसंच सांगितलं, एकेक शब्द. सात वाजता. मग. पाचवा नळ. माझा हात. शेवटचा पीळ. आईची गोष्टही सांगितली.

ती ऐकत होती, मान तिरकी करून, धडा ऐकायची तशी. मग म्हणाली, "बाई, पुरे आता. बाबांना खरं वाटायला लागेल."

"खरंच आहे!"

"तुम्ही दर वेळी असंच म्हणता." ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नूडल्सच्या वेळी पण म्हणालात, खरंच माझ्या खोलीत होत्या. आम्ही दाराआडून ऐकलं होतं. बाई, मी तेव्हाच ठरवलं. जहाजावर जाईन न जाईन, पण कधीतरी कुणासाठी तरी मी तुमच्यासारखी बोलीन. समितीत बोलले ना? आलं ना मला?"

तिने मला विचारलं होतं. मी तिची बाई. मी काय म्हणणार होते, चुकलं? तिने चूक हातात घेऊन बघितली असती, ही अशी का झाली, बाई? मी तिच्या गळपट्ट्याची गाठ सारखी केली. गाडी गेली. चाकांच्या दोन रेघा बर्फात फाटकापर्यंत होत्या. संध्याकाळी पुन्हा बर्फ पडला.

ती गेली, पण न्हाणीघरात पाचव्या नळावर, नव्या पांढऱ्या नळीच्या वर, तिने जाण्यापूर्वी एक कागद चिकटवला होता. पाणी लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिक लावलेलं, चारी कडा नीट कापलेल्या. तिचं अक्षर सुंदर आहे. "लहान बहिणींनो, थंडीत हा नळ बंद करू नका. माझ्या हातून चूक झाली, तुमच्या हातून होऊ नये. मा हे-रिन." मी तो काढायला नखाने कोपरा उचलला तर मागे बोंग काका उभे. "राहू द्या हो, बाई. कामाचा आहे. आठवडाभर एकीनेही नळ बंद केला नाही." मी कोपरा परत दाबला. माझ्या कराराचा कागद फेब्रुवारीत वर गेला आणि सही होऊन आला.

नव्या पाळीची मुलगी सो-ह्वा. ती पहिल्या वर्षाची, फार गंभीर. रोज साडेसहाला मला हाताला धरून नेते. "बघा बाई, पाचही चालू. खूण करू?" मी कर म्हणते. ती गेल्यावर मी मग विसळते. हल्ली पहिल्या नळाशी विसळावा असं ठरवते आणि पाय पाचव्याशीच जातात, खिडकीतून दिवा दिसतो म्हणून. कागद वाचते. दोन ओळी आहेत, तरी रोज पूर्ण वाचते. काल वाचत असतानाच हाताला थंड पितळ लागलं आणि कळलं, नळ अर्धा फिरला होता.